दोनतृतीयांशाला एक कमी

आमदारबाईंना नदीपलीकडची सगळी गावं ‘वहिनी’ म्हणत, आणि वहिनींना सगळ्या गावांचा संशय. दुधाने तोंड पोळलेलं नसतानाही ताक फुंकून पिणारी बाई. त्यात त्यांचा कारभार बघणारा धाकटा दीर मुख्यमंत्र्यांच्या सचिवाबरोबर चहा पिताना दिसला, आणि घरी येऊन त्याने त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. पाणी इथेच मुरतंय, असं वहिनींनी ठरवून टाकलं. गावोगावी सांगूनही ठेवलं, की ह्याच्यापासून जपून राहा, ह्याला माझी खुर्ची हवी आहे.

राज्यघटनेत नदीपलीकडच्यांसाठी एक अपवाद होता. बाकीच्या जागा लोकसंख्येवर ठरत. ह्यांचा मात्र एक आमदार असणारच, वस्ती कितीही विरळ असो. आता सभागृह लहान करणारी दुरुस्ती आली होती. ती मंजूर व्हायला दोनतृतीयांश आमदार उभे राहायला हवेत, आणि मुख्यमंत्र्यांना एकच माणूस कमी पडत होता. तुमचा अपवाद शाबूत राहील, असा शब्द त्यांनी वहिनींना दिला होता.

मतदानाच्या सकाळी दिराने मसुदा पुढे केला. “वहिनी, वाचा. अपवाद गाळलाय. उभ्या राहू नका.”

अपवाद खरंच कुठे नव्हता. पण कागद आणला कोणी? ह्यानेच. मी विरोध केला की माझं तिकीट कापलं जाणार, आणि हा आपल्या पोळीवर तूप ओढून घेणार. सभागृहात बाकावरची प्रतही तशीच निघाली, तेव्हा ती ठेवणाऱ्या शिपायाचाही संशय आला. शेजारच्या आमदाराला विचारावं, तर तो कुठला धड? मुख्यमंत्री लबाड होते हे वहिनी जाणून होत्या, पण परक्याची लबाडी परवडली, घरचा भेदी नको.

अध्यक्षांनी पुकारा केला. वहिनी उभ्या राहिल्या. मोजणी झाली, दुरुस्ती मंजूर झाली. वर प्रेक्षकांच्या सज्जात दिराने कपाळाला हात लावला.

बाहेर मुख्यमंत्री स्वतः चालत आले. “तुमचे दीर फार ताठ बुवा. ‘वहिनींचं मत वळवा, पुढचं तिकीट तुम्हालाच,’ असं आमच्या सचिवाने चहावर बोलावून सांगितलं, तरी बधले नाहीत. तुम्ही मात्र समंजस निघालात.”

“आणि आमचा अपवाद?”

“बघू की पुढे,” म्हणत ते निघूनही गेले.

वहिनींना लाज वाटली. गाडीत बसल्यावर त्या म्हणाल्या, “भाऊजी, मला का नाही सांगितलंत?”

“सांगितलं असतं तर खरं वाटलं असतं तुम्हाला?”

“गावात तरी तुम्ही सांगा, आपली जागा कशी गेली ते,” वहिनी म्हणाल्या.

“सांगेन,” दीर म्हणाला. “पण माझ्यावर कोण विश्वास ठेवणार, वहिनी?”