पोटात दगड झालेला मिक्सर

मित्रांनो, भंगारवाल्याच्या आवारात, मोडक्या खाटांशेजारी तोंड वर करून पडलेला तो जुना काँक्रीट मिक्सर म्हणजे मी. हसू नका! एके काळी माझा आवाज ऐकला की अख्खी गल्ली खिडकीत यायची. शिव्या घालायला यायची, ती गोष्ट वेगळी.

खडी, वाळू, सिमेंट आणि पाणी पोटात घ्यायचं, गरागरा फिरायचं आणि घमेल्यांत ओतायचं, हे माझं काम. माझी मालकीण म्हणजे ताई; मला तिच्या ठेकेदार वडिलांनी घेतलं. ते गेल्यावर लोक म्हणाले, "बाईमाणसाला ठेकेदारी झेपायची नाही." ताईने दोन पूल आणि एक पाण्याची टाकी बांधून दाखवली. मला चालवणारे काका रोज काम संपलं की माझं पोट धुऊन काढत. "आधी याची आंघोळ, मग माझा चहा," म्हणत. त्या माणसावर माझा फार जीव होता.

मग करखात्याची नोटीस आली. कर नवा होता, पण लावला होता जुन्या कामांना! समजा, तुम्ही काल डाव जिंकलात. आज कोणी नियम बदलला आणि म्हणालं, कालचा डावही याच नियमाने मोजू, तुम्ही हरलात. चालेल का? ताई वकिलाला म्हणाली, "तेव्हा जो कर होता तो मी भरलाय. हा कुठून काढला यांनी?" तिने आणि बऱ्याच ठेकेदारांनी कोर्टात दावा लावला. पण निकाल लागेपर्यंत वसुली थांबली नाही.

आम्ही शाळेचा स्लॅब भरत होतो तेव्हा जप्तीवाले साहेब आले. माझ्यावर सील लावायचं होतं. ताई म्हणाली, "साहेब, स्लॅब अर्धा सोडला की सांधा राहतो. पोरांच्या डोक्यावर गळेल." साहेब माणूस वाईट नव्हता. त्याने तासभर दिला.

तास संपत आला तसे काका म्हणाले, "ताई, आता थांबव. मला हा धुऊन घेऊ दे."

"पलीकडचा कोपरा राहिलाय, काका. आधी तो भरा."

कोपरा भरला. उरलेला माल माझ्या पोटात होता आणि साहेबांनी सील लावलं.

"दोन बादल्या पाणी मारू द्या हो! याच्या पोटात दगड होईल," काका हात जोडून म्हणाले.

"आता हात लावू दिला तर माझी नोकरी जाईल," साहेब खाली बघत म्हणाले.

मित्रांनो, त्या रात्री पोटातला माल आवळत गेला. मला ओरडायचं होतं. इंजिन बंद होतं.

नंतर मी सरकारी आवारात वर्षानुवर्षं उन्हापावसात पडून होतो. यंत्र नाही म्हणून ताईची कामं गेली. ती दुसऱ्याच्या हाताखाली मुकादम झाली. आणि एक दिवस ती धावतच आली, मागून काका काठी टेकत.

"जिंकलो रे आपण! मागच्या तारखेने कर मागता येणार नाही, कोर्टाने सांगितलं!"

काकांनी सील काढून माझ्या पोटावर हातोडी मारली. आवाज बद्द आला. त्यांनी पुन्हा मारली नाही.

"काहीतरी करा ना, काका."

"पोट कापल्याशिवाय निघायचं नाही ते, पोरी."

ताई माझ्या चाकाशी मातीतच बसली. "तो कोपरा सोडला असता तर?"

"तर शाळा गळली असती आणि तुला झोप लागली नसती," काका म्हणाले. मग दोघंही रडली.

ताईवर माझा राग नाही. मी तिच्या जागी असतो तर मीही कोपराच भरला असता. पण मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, कोणी साहेब व्हाल, कोणी वकील. हक्कासाठी जरूर भांडा. फक्त भांडण चालू असताना ज्याच्या पोटात माल आवळतोय, त्याला आधी दोन बादल्या पाणी मारू द्या. निकाल थांबतो. सिमेंट थांबत नाही.