करंगळीएवढा

जोहरानं तंबाखूच्या ओलसर पानाची मधली शीर नखानं उचलली आणि एका ओढीत सोलून काढली. पान कुठंच फाटलं नाही. ते तिनं मांडीवरच्या फळीवर पसरलं, आत चुरा भरला आणि तळहाताखाली वळायला घेतलं. वळून झालं की टोकाला दोऱ्याचे दोन वेढे, एक गाठ, की चुट्टा तयार.

लातूरला येऊनही तिचं हे काम सुटलं नव्हतं. तिच्या लेकीचा, हुस्नाचा क्लास एकला सुटणार होता आणि परवाच्या बाजारात नवऱ्याला, नासिरला माल लागणार होता. म्हणून डब्यांच्या पिशवीतच तिनं पानांचं ओलं फडकं कोंबलं होतं. देगलूरहून पहाटेच्या एस.टी.नं निघायचं, लेकीला खाऊ द्यायचा, तिच्याजवळ एक रात्र राहायचं आणि दुसऱ्या दिवशी परतायचं. जूनपासून महिन्याच्या एका शनिवारी हे ठरून गेलं होतं.

हुस्ना राहत होती ते घर रत्नम्माचं. वरच्या तीन खोल्यांत क्लासच्या नऊ मुली. खाली रत्नम्मा, तिचा डाळमिलमध्ये काम करणारा नवरा, आणि अंगणातल्या लिंबाखाली, पत्र्याच्या पडवीत, तिचे वडील संगप्पा.

रत्नम्मा चहा घेऊन आली. एक कप जोहराला दिला, दुसरा बापाच्या हातात ठेवला आणि तिसरा स्वतः तोंडाला लावला. लगेच तिनं तोंड वाकडं केलं.

"अगं बाई, साखर टाकलीच न्हाई की मी! अप्पा, थांबा, तो कप द्या इकडं."

संगप्पाचा कप तोवर रिकामा झाला होता.

"चालतंय," तो म्हणाला.

रत्नम्मा तिथंच उभी राहिली. मग कप उचलता उचलता हलक्या आवाजात जोहराला म्हणाली, "बघा ताई. मीठ विसरलं तरी चालतंय. दोनदा घातलं तरी चालतंय. फाटकं धोतर दिलं तरी तेच. आठ वर्षं झाली, दुसरा शब्द न्हाई."

आठ वर्षं कशाला झाली, हे जोहरानं विचारलं नाही. लातुरात आणि आसपास कुणालाच ते विचारावं लागत नव्हतं. औसा तालुक्यातल्या त्याच्या गावात भूकंपाच्या त्या पहाटे संगप्पाची बायको गेली, दोन्ही मुलगे गेले. तो शेतातल्या आखाड्यावर, खोपीत झोपला होता म्हणून राहिला. रत्नम्मा लातूरला दिली होती म्हणून राहिली. नंतर ट्रक येत गेले. कुणी ब्लँकेट दिलं, कुणी पातेली दिली, कुणी कुठल्या कुठल्या मापाचे सदरे दिले. जे हातात पडलं ते त्यानं घेतलं. आवड विचारायला कुणाला सवड नव्हती, आणि पुढं त्यालाही ती सांगायची सवय राहिली नाही.

"पूर्वीही असेच होते का?" जोहरानं विचारलं.

"अप्पा? छे हो." रत्नम्मा हसली. "माझी आई रडकुंडीला यायची. भाकर पापुद्र्याची पाहिजे, धोतर एकाच दुकानातलं पाहिजे. आन् चुट्टा तर... औरादच्या बाजारात एकेक दाबून बघायचे. शंभरातले दहा निवडायचे. आता कुणी दिला तर ओढतात, न्हाई दिला तर न्हाई."

जोहराचा हात थांबला. मग ती पुन्हा वळू लागली, पण नजर लिंबाखाली होती.

रत्नम्मा उंबऱ्यात टेकली. तिला आणखी काही सांगायचं होतं. "दिवाळीनंतर माझा चुलतभाऊ येणार आहे, चन्नबसप्पा. सरकारनं गाव नवं वसवलं तिथं अप्पांच्या नावचं घर हाय. कुलूपच हाय त्याला. अप्पांनी आतून बघितलंबी न्हाई. ते भावाला पाहिजे. त्याची पोरं मोठी झाली, त्याचंबी काही चुकत न्हाई. पण तो कागद पुढं करणार आन् अप्पा म्हणणार, चालतंय."

"तुम्ही सांगा की भावाला."

"मी बोलले तर लोक म्हणतील, लेकीला घर पाहिजे. मला नकोय ताई. त्यांना द्यायचं असंल तर खुशाल देऊ द्या. पण द्यायचं हाय असं त्यांना वाटलं तरी पाहिजे ना."

देगलूरला परत गेल्यावरही जोहराच्या मनातून ते जाईना. तिचं सगळं काम माणसांच्या आवडीवरच चाललं होतं. सासऱ्यांनी तिला पान भिजवण्याआधी गिऱ्हाईक ओळखायला शिकवलं होतं. अडतीतल्या हमालांना अंगठ्याएवढा जाड आणि आखूड लागे. दोन ट्रकांच्या मधल्या वेळात संपला पाहिजे. बिलोलीच्या महादेवप्पाला पेन्सिलीसारखा बारीक लागे, कारण त्याला ओढायचा कमी आणि हातात धरून गप्पा मारायच्या जास्त. साहेबराव तलाठी निवृत्त झाले तरी मधे फुगीर, दोन्हीकडं निमुळता असाच मागत; अर्धा ओढून उरलेला कानावर ठेवायचा तर तो घसरायला नको. एखाद्याला चुकून दुसऱ्याचा गेला तर तो बाजारातून परत येई. तिला राग येत नसे. परत येणारं गिऱ्हाईक आपलंच असतं, असं सासरे म्हणत.

पुढच्या महिन्यात ती गेली तेव्हा तिनं संगप्पाला एक चुट्टा दिला, मध्यम. त्यानं तो ओढला.

"कसा होता अप्पा?"

"चालतंय की."

रात्री जेवताना तिनं हे हुस्नाला सांगितलं. हुस्नाच्या पुढ्यात ताटाशेजारी प्रश्नपत्रिका होती. दर रविवारी त्यांची परीक्षा असे, आणि घास हातात ठेवूनही ती गोल काळे करत होती.

"अम्मी, एकच दिलास तर ते हो म्हणणारच," ती वर न बघता म्हणाली. "चार पर्याय दे. एकाला टिक करायचं म्हटलं की बाकीच्या तीनला नको म्हणावंच लागतं."

"ते काय तुझ्या क्लासात बसलेत?"

"देऊन तर बघ."

जोहरानं देऊन बघायचं ठरवलं. त्यापुढच्या खेपेला तिनं चार चुट्टे आणले. एक अंगठ्याएवढा, एक मधल्या बोटाएवढा, एक करंगळीएवढा, एक त्याहूनही बारीक. स्टीलच्या ताटलीत ते ओळीनं मांडून तिनं ताटली संगप्पापुढं धरली.

"घ्या अप्पा, तुमच्या पसंतीचा."

त्यानं सगळ्यात जवळचा उचलला. अंगठ्याएवढा.

जोहरानं तो अलगद काढून घेतला, ताटली उलटी फिरवली आणि पुन्हा पुढं केली. त्यानं पुन्हा सगळ्यात जवळचाच उचलला. या वेळी तो सगळ्यात बारीक होता.

वरच्या जिन्यात उभी राहून हुस्ना बघत होती. तिनं कपाळाला हात लावला.

जोहरा मात्र ताटली घेऊन उठली नाही. तिनं संगप्पाच्या हाताकडं बघितलं. काही नसलं की त्याचा उजवा हात गुडघ्यावर पडलेला असे. पहिली दोन बोटं जरा विलग. आता त्या बोटांत बारीक चुट्टा होता आणि बोटं त्याला धरायला आणखी जवळ येत होती, पण पुरती जवळ येत नव्हती. चुट्टा सैल पडून तिरका झाला. मघाशी जाड दिला तेव्हा तीच बोटं इतकी आवळली होती, की पानाचा कुरकुर आवाज आला होता.

तिनं बारीक चुट्टा काढून घेतला आणि न विचारता करंगळीएवढा त्याच्या बोटांत ठेवला.

बोटं त्याच्यावर मिटली आणि थांबली.

संगप्पानं खाली बघितलं. चुट्टा उचलून नाकाजवळ नेला, मग हातभर लांब धरला, डोळे बारीक केले.

"आखूड हाय," तो म्हणाला.

जोहरानं आवाज मात्र बाजारातलाच काढला. "आखूड कुठं अप्पा? एवढाच असतो."

"न्हाई."

"मग किती पाहिजे?"

त्यानं डावा हात पालथा केला. उजव्या हाताचं बोट मनगटाच्या हाडावर टेकवलं आणि तिथून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत सावकाश ओढत नेलं.

"एवढा."

तिनं तिथंच, लिंबाखाली, फडकं सोडलं. त्यातलं सगळ्यात लांब पान निवडलं, शीर काढली, चुरा भरला. ती वळू लागली तसा संगप्पा पुढं झुकला.

"लई दाबून नगं," तो म्हणाला. "आत हवा खेळाय पाहिजे. सैल. अजून सैल. आन् दोरा काळा नगं बांधू बाई, जळताना वास येतो त्याचा."

"दोऱ्याचा कसला वास येतो?" जोहरा आता खरंच जरा चिडली. वीस वर्षं ती काळा दोरा वापरत होती.

"येतो. तुला कळत नसंल."

स्वयंपाकघरात भांडं पडल्याचा आवाज झाला. रत्नम्मा दारात येऊन उभी होती, कोपरापर्यंत पीठ. तिनं जोहराकडं बघितलं, बापाकडं बघितलं, पदराचं टोक डोळ्यांना लावलं आणि पीठ गालभर करून आत गेली. थोड्या वेळानं पांढऱ्या दोऱ्याचं रीळ तिनं हुस्नाच्या हाती बाहेर पाठवलं.

संगप्पानं तो चुट्टा पेटवला. पहिला झुरका घेतला, धूर सोडला, विचार केला.

"बरा हाय," तो म्हणाला. "पान जरा जुनं पाहिजे व्हतं."

*

दिवाळी झाली. चन्नबसप्पा आला तो नेमका जोहरा आली त्याच शनिवारी. चाळिशीचा, घामाघूम झालेला, हातात पेढ्यांचा पुडा. वाईट माणूस नव्हता. आल्या आल्या तो काकांच्या पाया पडला, मुलींना पेढे वाटले आणि चहा संपेपर्यंत कागदाचा विषयही काढला नाही. मग पिशवीतून कागद काढताना त्याचा हात जरा अडखळला.

"काका, तुम्हाला म्हणलो व्हतो बघा. घर बंदच हाय. पावसाळ्यात भिंतीला ओल धरून राहिली. माझी दोघं पोरं, जागा पुरत न्हाई. तुमची हरकत नसंल तर..."

रत्नम्मा तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली नाही. निवडलेले तांदूळच ती पुन्हा निवडू लागली.

संगप्पानं कागद घेतला, डोळ्यांपासून लांब धरला. त्याला वाचता येत होतं हे जोहराला त्या दिवशी कळलं. त्यानं वरपासून खालपर्यंत वाचलं. चन्नबसप्पानं पेन उघडून तयार ठेवलं.

"दार कुण्या अंगाला हाय घराचं?" संगप्पानं विचारलं.

चन्नबसप्पा गोंधळला. "दार? दार... दक्षिणेला हाय की."

"समद्यांचंच?"

"आपल्या रांगेतल्या समद्यांचं."

"म्या कधी दक्षिणेला दार ठिवलं नसतं," संगप्पा म्हणाला.

वरच्या खोलीतून मुलींचा मोठ्यानं पाठांतर करण्याचा आवाज येत होता. संगप्पानं कागदाची घडी घातली आणि पुतण्याला परत दिली.

"आज न्हाई. घर बघितलं न्हाई म्या अजून. बघतो. तुला द्यायचं का ठिवायचं ते बघून सांगतो."

"काका, मी काय जबरदस्ती..."

"तसं कुठं म्हणलो? उद्या चल. तूच दाव."

चन्नबसप्पानं पेनाचं टोपण लावलं. क्षणभर त्याचा चेहरा उतरला. मग म्हाताऱ्याकडं बघता बघता तो हळूच हसला. "तुम्ही येताव म्हणल्यावर आई स्वयंपाकाला लागंल बघा," तो म्हणाला. "निरोप धाडायला पाहिजे."

रत्नम्माच्या ताटातले तांदूळ एकाच जागी गोळा झाले होते. तिनं ते पसरले.

*

रविवारी सकाळी ती सगळी एकदमच बसस्टँडवर आली. स्टँडच्या भिंतीवर, खांबांवर, रसवंतीच्या पाठीवरसुद्धा क्लासेसच्या जाहिराती होत्या. शंभरात पंच्याण्णव, अठ्ठ्याण्णव, हसणारे चेहरे. हुस्ना आईला सोडायला आली होती, पण तिची परीक्षा दहाला होती, त्यामुळं ती उभ्यानंच वही वाचत होती.

"किती पडतील?" जोहरानं विचारलं.

"पडतील तेवढे," हुस्ना म्हणाली. मग वही मिटून आईला घट्ट मिठी मारली आणि पळाली.

देगलूरच्या गाडीला वेळ होता. औश्याकडं जाणारी एस.टी. आधी लागली. चन्नबसप्पा जागा धरायला आधीच आत घुसला होता. त्याच्यामागून रत्नम्मा चढली, त्यानं रुमाल टाकून धरलेल्या बाकावर खिडकीशी सरकून बसली, पिशवी मांडीवर घेतली आणि बापासाठी शेजारची जागा हातानं झाडली.

जोहरा खाली उभी राहून उघड्या खिडकीतून हे बघत होती.

संगप्पा दांड्याला धरून सावकाश आला. बाकापाशी थांबला. मागची माणसं खोळंबली, कंडक्टर ओरडला, तरी तो बसला नाही.

"बसा ना अप्पा."

"तू हिकडं सरक," तो लेकीला म्हणाला.

"काय झालं? ऊन लागंल तुम्हाला."

"लागू दे. मला खिडकी पाहिजे."

रत्नम्मा उठली. इतक्या घाईनं उठली, की मांडीवरची पिशवी खाली पडली आणि दशम्यांचा डबा बाकाखाली घरंगळत गेला. तो शोधायला ती वाकली ती बराच वेळ वर आली नाही.

संगप्पा खिडकीशी बसला. त्यानं कोपर बाहेर काढलं आणि गाडी हलायची वाट बघत समोरच्या रस्त्याकडं बघत राहिला.