काठेवाड्यांचा रिकामा तळ

त्या साली लाल्या रोगानं कपाशी गेली, म्हणून उकंडानं उभ्या पिकात काठेवाडी मेंढपाळांच्या मेंढ्या बसवल्या. आठ दिवस त्यांचे उंट त्याच्या धुऱ्यावर, शेताच्या बांधाला होते. बायको दीपा वारल्यापासून पाच वर्षांची लेक उर्वशी घरी झोपत नव्हती. काठेवाड्यांच्या जीवीबेनच्या लेकरांत मात्र गाढ झोपायची. काल संध्याकाळी त्यानंच तिला तिथं सोडलं. मुक्काम अजून दोन दिवस होता.

सकाळी आणायला गेला, तर तळ रिकामा. चुलींची राख, काळे दगड, लेंड्या. उर्वशी नाही.

त्यानं तिच्या नावानं हाका मारल्या. बांधाला सायकल टेकवून फुलसावंगीच्या उर्दू शाळेचे रऊफ मास्तर राख पाहत उभे होते.

"उकंडाभाऊ, अरबांच्या जुन्या शायरीत अस्संच असते. शायर येते तं कबिला निघून गेलेला. चुलीचे दगड पाहून रडते. त्याची लाडकी उंटावरच्या डोलीत, दूर..."

"मंग मांगं जात नाही का तो?"

"नाही. रडते, अन् आपल्या उंटणीवर बसून भलतीकडंच जाते."

"येडा हाय का तो? मास्तर, माही पोरगी हाय त्यायच्यात!"

मास्तरांचा चेहरा उतरला. "बसा मांगं."

फुफाट्यात उंटांचे ताटाएवढे पाय उमटले होते. डांबरी रस्ता लागला अन् ठसे संपले. उजवीकडं की डावीकडं? पैनगंगा ओलांडून गेले तर कोणत्या गावात शोधायचं? डावीकडं ओल्या लेंड्या दिसल्या.

नदीच्या उतारावर उंट गाठले. पाठीवर उलट्या खाटा, त्यात गोधड्या अन् कोकरांची मुंडकी. उर्वशीचं नाव ऐकताच जीवीबेननं कपाळावर हात मारला.

"हाय राम! आगे चराई मिल गई तो रात में ही निकले. अंधेरे में जितने सोए थे, सब उठा के बाँध दिए. मैंने गिना ही नहीं!"

तिनं उंट बसवला. तीन हिसक्यांत तो खाली आला. दर हिसक्याला खाट कलली अन् उकंडानं ती धरायला हात पुढं केले. उर्वशी कोकरांखाली, तोंडावर गोधडी. हूं नाही, चूं नाही.

त्यानं तिच्या नाकाखाली बोट धरलं. दीपाच्या नाकाखालीही असंच धरलं होतं. बोट इतकं थरथरत होतं, की काही कळेना.

"मास्तर, तुम्ही पाहा," म्हणून त्यानं तोंड फिरवलं.

मास्तर वाकले. "घोरून राह्यली, उकंडाभाऊ."

तरी त्याची मान वळेना.