दोन पावलं मागे सरा

मित्रांनो, मी लांब झूमचा कॅमेरा आहे, आणि आता बराच जुना झालोय. बोलायचाही कंटाळा येतो, पण विचारलंत म्हणून सांगतो. माझं नाक बाहेर येताना हल्ली कुरकुरतं. पकडीचं रबर चिकट झालंय. भिंगाच्या आत धुळीचा एक कण शिरून बसलाय, तो बहुतेक माझ्याबरोबरच जाईल.

कुठल्याशा कारखान्यात माझ्या पोटात भिंगामागे भिंग बसवलं आणि डब्यावर झूमचा भला मोठा आकडा छापला. तो आकडा बघूनच सुदीपनं मला घरी आणलं. सुदीप म्हणजे म्हैसूरच्या लष्कर मोहल्ल्यातल्या हणमंत शिंप्यांचा मुलगा. दुकानात तो मशीनवर बसतो आणि सुट्टीच्या दिवशी पाखरं टिपत फिरतो.

ते दिवस चांगले होते. गच्चीवरून मी अख्ख्या गल्लीला चंद्रावरचे खड्डे दाखवले. दसऱ्याच्या मिरवणुकीत लांबच्या हत्तीच्या कपाळावरची नक्षी अशी टिपली, की बायका ती बघून रांगोळी काढायच्या. जो तो म्हणायचा, याला काहीही दिसतं. खरं सांगतो, मला तेव्हाही सगळं दिसत नव्हतं. पूर्ण झूम लावला, की समोरची वस्तू माझ्यापासून निदान माणसाच्या उंचीइतकी तरी लांब हवी. त्याहून जवळ आली, की मी नुसता चाचपडतो आणि हाती धुकं लागतं. माझी घडणच तशी आहे, त्याला मी काय करू? पण डब्यावर हे कुणी मोठ्या अक्षरात छापत नाही.

मग फोनमध्ये कॅमेरे आले आणि मी कपाटात, काज-बटणांच्या डब्यामागे जाऊन पडलो. पडून राहायचीही एक सवय होते.

त्या घराकडे विठोबाची एक सेवा आहे. गल्लीतल्या देवळातल्या विठोबाला कार्तिकी एकादशीला नवा अंगरखा लागतो, तो हणमंतांनी शिवायचा. मशीन लावायचं नाही, सगळं हातानं. काठावर रेशमी धाग्याचे बारीक तिरके टाके घालायचे, मुंग्यांच्या रांगेसारखे. हणमंत डावखुरे, म्हणून त्यांचे टाके डावीकडे झुकलेले असत. देवाचं कापड घरातल्या पुरुषानंच शिवायचं, अशी रीत. आणि त्या दिवशी उतरवलेल्या गेल्या वर्षीच्या अंगरख्याला पुजाऱ्याशिवाय कुणी हात लावायचा नाही, तो टी. नरसीपूरच्या संगमावर नेऊन नदीला द्यायचा. त्यामुळे जुन्या टाक्यांचा नमुना म्हणून घरात चिंधीसुद्धा नव्हती.

उन्हाळ्यात हणमंतांना झटका आला. जीव वाचला, पण बोलणं गेलं आणि हातात सुई ठरेना. यंदाचा अंगरखा दुसऱ्या एका शिंप्याच्या, संताजीरावांच्या घरानं शिवून दिला. देवळाच्या मंडळींनी मात्र सुदीपला स्पष्ट सांगितलं, की पुढच्या कार्तिकीला तुमच्या घरून आला नाही, तर सेवा कायमची त्या घराकडे जाईल. सुदीपला तो टाका येत नव्हता, आणि कुणाकुणाला विचारत फिरूनही तो मिळाला नाही. बाप धडधाकट होता तोवर शिकायचं त्याच्या मनातही आलं नाही.

एकादशीच्या सकाळी त्यानं मला कपाटातून काढून पुसलं. "आज अप्पांचा शेवटचा अंगरखा नदीत जातोय," तो बायकोला, भाग्याला म्हणाला. "अंगरख्याच्या टोपलीपासून लांब उभं राहावं लागतं, फोन काय कामाचा नाही. टाका नीट टिपला तर घरी बघून बघून शिकेन की."

संगमावर पुजारी नरसिंहमूर्तींनी टोपली पायरीवर ठेवली. वर अंगरख्याचा काठ उलगडलेला होता. सुदीप गर्दी अडवायला बांधलेल्या दोरीला पोट लावून उभा राहिला, कमरेत वाकला, हात लांब करून मला पार टोपलीवर नेलं आणि पूर्ण झूम लावला. शिंप्याची सवयच ती. बारीक काम दिसलं, की डोळ्यांजवळ न्यायचं. इथं डोळा माझा होता. मी भिंग पुढे केलं, मागे घेतलं. चित्र स्पष्ट झाल्याची हिरवी चौकट काही येईना, नुसतं केशरी धुकं.

"अय्यो, हे तर हाळ झालंय, पार बिघडलंय," सुदीप म्हणाला. झूम थोडा कमी केला असता, तरी मी काहीतरी दाखवलं असतं. पण त्यानं मला हलवलं, तळहातानं थोपटलं आणि आणखी जवळ नेलं. आरती संपत आली. मित्रांनो, इतकं असहाय मला कधीच वाटलं नव्हतं.

तेवढ्यात नरसिंहमूर्ती टोपली उचलायला आले. "स्वल्प मागं सरा रे, मागं," म्हणत त्यांनी सुदीपच्या छातीला हात लावून त्याला मागे लोटलं. तो दोन पावलं मागे गेला. बोट बटणावरच होतं. आणि सगळं लख्ख झालं. एकेक टाका, धाग्याचा एकेक पीळ. टोपली पाण्याला लागेपर्यंत मी जेवढं जमलं तेवढं टिपून घेतलं.

घरी आल्यावर माझ्या पडद्यावर ते चित्र मोठं करून सगळे बघत बसले. भाग्या दुकानात साड्यांना फॉल लावते, तिचा डोळा टाक्यांवर फिरत होता. मध्येच तिनं बोट ठेवलं. "इथपर्यंत टाके डावीकडे झुकलेत. इथून पुढे उजवीकडे. हे अप्पांनी शिवलेलं नाही."

हणमंतांची बायको, मालतीबाई, उठून आत निघाल्या.

"अत्ते, थांबा," भाग्या सासूला म्हणाली. "हे तुम्ही केलंत की नाही?"

मालतीबाई दारात थांबल्या. "ह्यांचा हात गेल्या वर्षापासूनच कापत होता. देवाचं काम अर्ध्यात टाकायचं का? मी पुरं केलं. बायकांनी शिवायचं नसतं म्हणतात, मग कुणाला सांगू?"

"आणि मी इतके महिने वेड्यासारखा हिंडतोय ते?" सुदीप म्हणाला.

"कुणाकुणाला विचारत होतास रे. मला विचारलंस का कधी? रोज तुझ्यासमोरच बसून काजं करते मी. सुम्ने, उगीच मध्ये पडून ह्यांची अब्रू घालवू का?"

तेव्हा हणमंतांनी खुर्चीतून डावा हात पुढे केला. मेजावरचं आपलं पितळी अंगुस्तान, शिवताना बोटात घालायची टोपी, त्यांनी दोन-तीनदा निसटत उचललं आणि मालतीबाईंकडे धरलं. त्या जवळ आल्यावर त्यांच्या बोटात घातलं. मालतीबाईंनी पदर डोळ्यांना लावला. मग सुदीपला म्हणाल्या, "बस इथं. चिंधी घे."

मला त्यांनी मेजावर तसंच ठेवलं, बंद करायलाही विसरले. झूम पूर्ण लावलेला आणि मायलेक माझ्यापासून हातभर. मला दोघंही धूसरच दिसली.

तर मित्रांनो, थकलेल्या जिवाचं एवढं ऐका. आम्हांला मऊ कापडानं पुसा. महिनोन्‌महिने कपाटात टाकणार असाल, तर पोटातली बॅटरी काढून ठेवा. आणि अगदी जवळचं कुणी दिसेनासं झालं, तर उगीच झूम वाढवू नका. आमच्यावर रागावूही नका. दोन पावलं मागे सरा.

मी आता मेजावरच असतो, जरा दूरच्या टोकाला, त्यामुळे बरं दिसतं. सुदीपनं चिंध्यांचा ढीग वाया घालवलाय. मालतीबाई न बोलता उसवतात आणि पुन्हा करायला लावतात. परवा मात्र त्यांनी उसवलं नाही. चिंधी हणमंतांच्या मांडीवर नेऊन ठेवली. मी नीट पाहिलं. सगळे टाके उजवीकडे झुकलेले होते.