सोळावं चॅनेल

काचेच्या भट्टीला गार ठेवणाऱ्या पाण्याचं तापमान स्क्रीनवरून गायब झालं आणि इलेक्ट्रिशियनच्या तोंडचं पाणी पळालं. आकडा नाही म्हणजे दहा मिनिटांत पंप आपोआप बंद. मग भट्टीला तडा, नि दोनशे माणसं घरी. त्याने पॅनेल उघडलं. नव्या कंट्रोल कार्डावरचं, तापमानाची वायर जोडलेलं तिसरं चॅनेल जळून कोळसा झालेलं, बाकीची सगळी कामात गुंतलेली.

"सोळावं घे," मॅनेजर म्हणाले.

सोळाव्यावर दादाचा दिवा होता. दादा म्हणजे त्याचा थोरला भाऊ, जन्मापासून ठार बहिरा. क्रेनखाली काचेच्या पेट्या बांधायचा. क्रेन हलली की टेबलावरचा लाल दिवा लागायचा आणि दादा बाजूला व्हायचा. त्या दिव्याच्या भरवशावरच त्याला कामावर घेतलं होतं.

"साहेब, ते दिवा पेटवणारं चॅनेल. आपल्याला तापमान आत घ्यायचंय."

"या कार्डाचं चॅनेल हवं तसं वळतं, आत घ्यायला नाहीतर बाहेर पाठवायला, हे कोण सांगत होतं? दिव्यासाठी माझं डोकं खाल्लंस तेव्हा?"

सांगितलं होतं खरं. मेली ती जीभ. जुनं कार्ड असतं तर जमत नाही म्हणून हात वर केले असते.

"मग दादाचं काय?"

"नवं कार्ड दोन महिन्यांनी. दिवा नाही तर तो इथे नाही. आणि इतके दिवस जागा धरून ठेवणं माझ्या हातात नाही."

चार मिनिटं उरली. त्याने सोळाव्याच्या स्क्रूवर स्क्रूड्रायव्हर टेकवला, पण पिळवेना. या गडबडीत क्रेन थांबली म्हणून दादा तिथे आला. धाकट्याचं तोंड बघूनच त्याला कळलं की काहीतरी अडलंय. 'सोडवू?' त्याने खुणेनं विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता, धाकट्यानेच शिकवल्याप्रमाणे, सोळाव्यातली दिव्याची वायर स्वतः मोकळी केली.

इलेक्ट्रिशियनने तापमानाची वायर तिथे बसवली, लॅपटॉपवर चॅनेल उलटं फिरवलं. स्क्रीनवर एकेचाळीस उमटलं. लोकांच्या जिवात जीव आला. दादानेही टाळ्या वाजवल्या, मग दिव्याकडे बोट दाखवून विचारलं, 'कधी?'

इलेक्ट्रिशियनचा जीव तुटला. त्याने 'उद्या' अशी खूण केली.

दादाने मान डोलावली आणि उद्याच्या पेट्यांसाठी पट्ट्या कापायला बसला.