औषध कुठलं, पौष्टिक

"बघा, बघा! पेशी कशा वाढल्यात!" सूक्ष्मदर्शक यंत्राला डोळा लावून बुआलाय ओरडलीच. "त्या वाटीत मोजून चार ठिपके, आणि माझ्या गोळीवाल्या वाटीत नुसती जत्रा! मी म्हणत नव्हते?"

प्रयोगशाळेतल्या ओरासाबाईंनी नुसतं वहीत काहीतरी टिपलं. बुआलायला त्याचं काही वाटलं नाही. शिकलेली माणसं कौतुकाला कंजूषच. पांढऱ्या क्वाव कंदाच्या, मधात वळलेल्या मिरीएवढ्या गोळ्या ती तीस वर्षं करत होती. पाळी गेलेल्या बायका डोंगर चढून तिच्या दारात यायच्या. महिन्यापूर्वी ओरासाबाई गावातून नमुना घेऊन चिआंग माईला आल्या, तेव्हापासून बुआलायचे पाय जमिनीवर नव्हते.

"मावशी, तुमच्या कंदात बाईच्या हार्मोनसारखं काहीतरी आहे. पेशी फसतात त्याला. म्हणून वाढल्या."

"मग चांगलंच की!"

"या पेशी स्तनाच्या कर्करोगाच्या आहेत."

बुआलायने यंत्रावरचा डोळा काढला. चान्तिप, तिची धाकटी बहीण! दोन वर्षांपूर्वी तिचा डावा स्तन काढला होता. हार्मोनला अटकाव करणारी इस्पितळाची गोळी ती रोज घेत होती. आणि वर ताईच्या या दोन गोळ्या. बुआलायने ते ओरासाबाईंना सांगितलं.

"वाटीत झालं ते अंगात होईलच असं नाही," ओरासाबाई घाईने म्हणाल्या. "पण तिच्या डॉक्टरांना कळायलाच हवं."

बुआलायने लगेच बहिणीला फोन लावला. "चान्तिप, दुसरं औषध घेतेस का म्हणून डॉक्टर विचारत नाहीत?"

"दर खेपेला विचारतात. मी नाही म्हणते."

"अगं बाई! आणि माझ्या गोळ्या?"

"ते औषध कुठलं, पौष्टिक आहे ते!" चान्तिप खळखळून हसली. "मी भात खाते हे सांगते का त्यांना? आत्ताच दोन घेतल्या बघ."

औषध आजाऱ्याला, पौष्टिक सगळ्यांना. गावाला हे शिकवलं कुणी? बुआलायनेच. तिला स्वतःचीच शिसारी आली. तिने सगळं सांगून टाकलं, एकही शब्द न गाळता.

पलीकडे गोळ्यांच्या डबीचं झाकण लागल्याचा आवाज आला.

"ताई," चान्तिप म्हणाली, "डॉक्टरांना नको सांगूस. लोक तुला फाडून खातील. मी गोळ्या बंद करते, झालं."

"झालं कसं? उद्या पहिल्या बसने इस्पितळात जायचं. मी येतेय."

फोन ठेवून तिने डॉक्टरांना दाखवायला तपासणीचा कागद मागितला. वरून खालपर्यंत बोट फिरवत वाचला.

"यावर माझं नाव कुठंय?"

"आम्ही नुसता क्रमांक घालतो, मावशी. उगाच कुणाला त्रास नको."

"घाला नाव. गोळ्या करणारी, बुआलाय."

ओरासाबाईंनी नाव लिहिलं.

"आणि त्याच्या खाली लिहा," ती म्हणाली, "रुग्णाची बहीण."