कोपरावरची कॉलनी

जंतू वाढवायची प्लेट पुन्हा कोरी निघाली. एक ठिपका म्हणून नाही. प्रयोगशाळेत नव्याने लागलेल्या, वहिनीच्या लाडक्या नणंदबाईंनी ती उजेडात तिरकी करून पाहिली आणि त्यांचं तोंड एवढंसं झालं.

"नमुना पसरायच्या तारेचं कडं लाल तापवतेस ते बरोबर," प्रयोगशाळेच्या मॅडम म्हणाल्या, "पण गार व्हायच्या आत टेकवतेस. जंतू बिचारे भाजून निघतात. आज शेवटचं बघते. नाही जमलं तर बाटल्या धुवायच्या खोलीत जा, हे टेबल दुसरीला देते."

"गार करते हो मी, मॅडम! प्लेटच्या काठाला टेकवून मगच रेघा ओढते."

"मग तुझ्या वहिनीच्या कातडीवर जंतूच नाहीत म्हणायचे?"

स्वतःचे हात दिवसभर औषधी साबणात, म्हणून नमुना वहिनीच्या कोपराचा घ्यायचा असं ठरलं होतं. वहिनी समोरच्याच बटणांच्या दुकानात बसायची. हाक मारली की यायची, पण दर वेळी जरा उशिराने. आजही आली, बाही सरसावून, हसतमुख. मॅडमनी नाक वर केलं.

"हा स्पिरिटचा वास कुणाच्या अंगाला येतोय?"

"माझ्या!" वहिनी अभिमानाने म्हणाली. "आधी साबण, मग घासणी, वर स्पिरिट. आमच्या वन्संच्या नोकरीचा प्रश्न आहे. तिथं माझा मळ दिसला तर घराण्याची काय शोभा?"

"वहिनी!" नणंद किंचाळलीच. "रोज घासून येत होतीस?"

"मग काय, तशीच येऊ?"

मॅडमना हसू आवरेना. चष्मा पुसत त्या म्हणाल्या, "अहो, मळ नाही तो. जंतू सगळ्यांच्याच अंगावर राहतात. इथे प्लेटवर एकेकाची वाढून ठिपक्याएवढी वस्ती होते, तिला आम्ही कॉलनी म्हणतो."

"माझ्या कोपरावर कॉलनी? आणि भाडं कोण देणार?"

"राखण करतात, तेच भाडं. ते जागा धरून बसतात म्हणून वाईट जंतूंना शिरकाव मिळत नाही."

वहिनीने दोन्ही हात गालाला लावले. "अगं बाई! देवाने दिलेले सोबती, आणि मी त्यांना बिऱ्हाडासकट हाकलत होते!"

"न घासलेली जागा आहे का कुठे?" नणंदेने काकुळतीने विचारलं.

"मान. तिथं घासणी पोचत नाही."

ओला कापूस मानेवरून फिरला, मग प्लेटच्या एका कडेला. कडं तापलं, गार झालं, रेघांमधून नव्या रेघा निघाल्या, दर वेळी विरळ. मॅडम तिच्या हाताकडे बघत होत्या. झाकण लागलं आणि प्लेट पालथी होऊन उबदार कपाटात गेली.

दुसऱ्या दिवशी काय सांगावं! सुरुवातीला दाट पांढरी गर्दी आणि शेवटच्या रेघेवर सुटे सुटे, गोल, चकचकीत ठिपके.

"हात चांगला आहे तुझा," मॅडम म्हणाल्या. "मीच उगाच बोलले. टेबल तुझं."

नणंदेने वहिनीला मिठीच मारली. वहिनीचं लक्ष मात्र प्लेटमध्येच.

"हा पिवळा कोण? एकटाच ऐसपैस पसरलाय."

"एका घरात राहणाऱ्यांचे जंतू एकमेकांकडे जातात, वहिनी. दादाचाही असेल."

"तरीच! न विचारता जागा अडवायची सवय त्यांचीच."